राठोड, दिग्रस

चौथा अडॅप्टर पिशवीत घालून ओम राठोड दिग्रसच्या स्टँडवर उभा होता आणि मनातल्या मनात रोशन गावंडेला शिव्या घालत होता. शिव्या घालायला त्याला बंजाऱ्यांची गोरमाटी, वऱ्हाडी आणि हिंदी अशा तीन भाषा येत होत्या, आणि यवतमाळची गाडी लागेपर्यंत तिन्ही संपत आल्या. एकाच माणसाला एकच वस्तू तिसऱ्यांदा बदलून द्यायची, तीही आपल्याच भाड्याने, त्याच्या घरी जाऊन, म्हणजे हा धंदा राहिला नव्हता. ही चाकरी झाली होती, आणि चाकरीच करायची तर पुण्याला गेलेले त्याचे मित्र काय वाईट होते?

अडॅप्टर म्हटलं की लोकांना मोबाइलचा चार्जर आठवतो. ओमचा अडॅप्टर वेगळा होता. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर जुने झाले की त्यांतले पॉवर सप्लाय भंगारात निघतात. दणकट असतात, हजार-बाराशे वॅट सहज ओढतात आणि नागपूरच्या भंगारवाल्याकडे मातीमोलाने मिळतात. फक्त एक खोड असते. ज्या सर्व्हरसाठी ते बनले, त्याच्याखेरीज ते कुणाला दाद देत नाहीत. मागे नुसती सोनेरी पट्ट्यांची एक फणी. वायर जोडायला जागा नाही की चालू करायला बटन नाही. त्या फणीवर नेमका बसेल असा बोर्ड ओम बनवायचा. बोर्ड बसला की सप्लाय जागा व्हायचा आणि पलीकडच्या जाड वायरींतून बारा व्होल्टची वीज निघायची. ती लागायची क्रिप्टोच्या मशिनींना. या मशिनी दिवसरात्र कसली तरी गणितं सोडवत बसतात आणि त्याबद्दल कुठल्याशा डोळ्यांना न दिसणाऱ्या नाण्याचा कण मालकाच्या खात्यात टाकतात. असल्या मशिनी घेणारे शहाणे आपल्याकडे असतील किती, असं ओमच्या बायकोने, रंजिताने, सुरुवातीलाच विचारलं होतं. बरेच निघाले. उमरखेड, पुसद, वणी, थेट हिंगोलीपर्यंत.

ओम आधी जिनिंगच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. तांब्याशी त्याची जुनी ओळख. दुसऱ्यांच्या बोर्डावर जिथे केसाएवढी रेघ असायची, तिथे तो तांब्याची सबंध पट्टी सोल्डरचा डाग देऊन बसवायचा. बोर्डही घरचाच. तांब्याचा मुलामा असलेला पत्रा ट्रेमधल्या ॲसिडात धुतला की नको ते तांबं जायचं आणि हव्या तेवढ्या रेघा उरायच्या. त्या रेघांबरोबर कोपऱ्यात अक्षरंही उरायची: राठोड, दिग्रस.

"नाव कायले टाकता?" रंजिता म्हणाली होती. "बोर्ड सप्लायले लागला का ते तं दडूनच जाते." घरात दोघं गोरमाटीतच बोलत, आपल्या सोयीसाठी इथे मराठीत सांगितलं आहे.

"मले तं माहीत असते ना," ओम म्हणाला होता.

प्रत्येक बोर्ड तो बादलीत तपासायचा, म्हणजे शेगडीच्या कॉइलचे तुकडे पाण्याच्या बादलीत सोडून त्यांच्यावर बोर्डाचा पूर्ण भार टाकायचा. बोर्ड चांगला असेल तर पाणी कढायचं आणि पट्टी जेमतेम कोमट व्हायची. म्हणजे एक अडॅप्टर पास झाला की एक बादली गरम पाणी. हिवाळाभर ओमच्या याडीची, म्हणजे आईची, अंघोळ यावरच चालली. म्हातारी सकाळी उठली की विचारायची, आज कुणाचं पार्सल जायचं आहे, आणि कुणाचंच नसलं तर तोंड वाकडं करायची.

असा सगळा खुशीचा मामला होता, आणि मग कळंब तालुक्यातल्या रोशन गावंडेने अडॅप्टर घेतला. थंडीत मशीन छान चालली. ऊन तापायला लागलं तसे त्याचे आवाजी निरोप सुरू झाले. "ओमभाऊ, सकाळी चांगली चालते, दुपारी तापली का बंद. बोर्डात दम नाई राहून राह्यला. काही तं करा बापा." हा निरोप एकट्या ओमला आला असता तर गोष्ट वेगळी होती. रोशनने तो मशीनवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. ओमचं सगळं गिऱ्हाईक याच ग्रुपवर होतं, आणि तिथे रोशनच्या शब्दाला वजन होतं, कारण तो दिवसभर तिथेच असायचा.

तापली की बंद, म्हणजे डाग कच्चा. कुणीही कारागीर हाच अर्थ काढील. ओमने दुसरा बोर्ड पाठवला. तोही दुपारी बंद. तिसऱ्यात पट्टी दुप्पट जाड केली आणि वायरींची टोकं बदलली. तोही बंद. लाइनचं व्होल्टेज तपासा असं त्याने सांगून पाहिलं, तर रोशनने भिंतीवरच्या स्विचबोर्डाला मीटर लावून फोटो पाठवला: दोनशे अठ्ठावीस. यापुढे लाइनला नाव ठेवायला जागाच नव्हती. ओम तेच तेच बोर्ड पुन्हा बादलीत उकळून पाही, पाणी कढे, पट्टी कोमट, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड होई. स्वतःच्या हातात दोष असावा आणि तो स्वतःलाच सापडू नये, याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट त्याच्या आयुष्यात दुसरी आली नव्हती. वाइंडिंग जळालं तर वास तरी येतो. इथे वासही नाही.

ग्रुपवर लोक म्हणू लागले, थांबा, रोशनचं काय होते ते पाहू, मग घेऊ. नवी मागणी थांबली. रंजिता म्हणाली, एका माणसासाठी किती जीव जाळाल? पण प्रश्न एका माणसाचा नव्हता. चौथा बोर्डही खोटा ठरला तर हे काम बंद करून परत मोटारींकडे वळायचं, आणि कुठल्याही वस्तूवर पुन्हा आपलं नाव टाकायचं नाही, हे ओमने ठरवूनच टाकलं होतं. म्हणून तो स्वतः निघाला होता. पार्सलवर भरवसा नको, रोशनच्या बोलण्यावर नको. आपल्या डोळ्यांनी काय ते पाहायचं.

यवतमाळला गाडी बदलून कळंबला उतरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चिंतामणीच्या देवळापाशी थांबा, मी गाडी घेऊन येतो, असं रोशन म्हणाला होता. ओम थांबला. रसवंतीवर एक ग्लास रस प्यायला, मग वेळ जावा म्हणून दुसरा प्यायला. फोन लावला की रोशन म्हणे, निघालोच. तिसऱ्यांदा निघालोच ऐकल्यावर ओमने मॅजिक गाडीवाल्याला हात दाखवला आणि बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायांमध्ये अंग चोरून बसला. अडॅप्टर मांडीवर धरून ठेवला होता. शेजारच्या बाईने मिठाई आहे का असं विचारलं.

गावंडेचं घर गावाच्या कडेला होतं. स्लॅबचं, पुढे ओटा, ओट्यावर तुरीचं पोतं. सत्तरीकडे झुकलेली एक बाई सुपात काहीतरी पाखडत बसली होती.

"मी दिग्रसहून आलो, काकू. मशीनचा बोर्ड बनवणारा."

"अगं माय, तूच का तो," ती म्हणाली. ही रोशनची आई, मथुराबाई. "रोशन तुलेच घ्याले कळंबले गेला. चुकामूक झाली म्हना. बस बापू, पानी घे."

पाणी झालं, चहा झाला. मथुराबाईने चहाबरोबर शेव दिली आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहिली. ओमला घाई होती, पण असल्या घरात घाई दाखवता येत नाही. मग तिनेच त्याला आत नेलं. कापूस ठेवायच्या खोलीत टेबलावर मशीन होती, खाली ओमचा तिसरा अडॅप्टर, आणि मशीनच्या पंख्याच्या तोंडाशी एका परातीत लाल मिरच्या पसरल्या होत्या. मशीन गप्प होती.

"बंदच आहे का?"

"या टायमाले बंदच पडते ते," मथुराबाई म्हणाली. "मिरच्या बी अर्ध्याच वाळतात. चालू करून देऊ का?"

ओमला हसू आलं. आपण दोन महिने डोकं फोडतो आहोत आणि ही बाई चालू करून देते म्हणते. "कशी करता, काकू?"

"ये ना मांगं."

घरामागे भिंतीला लागून विटांनी बांधलेला एक खड्डा होता. त्यातून लोखंडी पाइपाचं टोक वर आलेलं, टोकाला नटबोल्टने आवळलेली वायर, आणि ती वायर भिंतीतून आत गेलेली. भोवतीची माती भेगाळली होती, मिठाने पांढरी पडली होती. मथुराबाईने नळाखालची भरलेली बादली उचलली, पायात रबरी चप्पल आहे का ते पाहून घेतलं आणि बादली खड्ड्यात ओतली. मातीने पाणी घटाघट पिऊन टाकलं.

"सकाळी एक, दुपारी एक," ती म्हणाली. "हप्त्यातून एकडाव मीठ. रोशन म्हने, अर्थिंग वल्ली पाह्यजे. उन्हाचं दुपारपर्यंत पुरत नाई पानी. मांगं मी पोरीकडं लग्नाले गेलती तं चार दिवस मशीन चाललीच नाई. जा आता, बटन बंद करून चालू कर."

ओम आत गेला. बटन बंद करून चालू केलं. मशीन घरघरली, पंखे फिरले आणि परातीतल्या मिरच्या थरथरायला लागल्या.

तो तिथेच खाली बसला. घरात वीज एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते. परतीच्या तारेला न्यूट्रल म्हणतात. या घरात परतीची तार नव्हतीच. वीज मीटरमधून येत होती आणि मशीनमधून निघून त्या पाइपाने जमिनीत जात होती. माती ओली तोवर तिला वाट होती, माती वाळली की वाट बंद, व्होल्टेज खाली, सप्लाय बंद. बोर्ड तापत नव्हता, माती तापत होती. ओमने पिशवीतून मीटर काढून भिंतीवरच्या स्विचबोर्डाला लावला. चालत्या मशीनवर काटा एकशे सत्तरच्या आसपास लटपटत होता. रोशनने फोटो पाठवला होता तो मशीन बंद असतानाचा, आणि भार नसला की व्होल्टेज पूर्ण दिसतं.

त्याला इतका आनंद झाला की त्या अनोळखी घरात, कापसाच्या वासात, तो एकटाच हसला. पहिला बोर्ड चांगला होता. दुसरा चांगला होता. तिसऱ्याला तर उगाच जाड पट्टी लावली. राठोड, दिग्रस, यात काही खोट नव्हती. त्याने खड्ड्याचा आणि वायरीचा फोटो काढला. हा एक फोटो ग्रुपवर टाकला की झालं, त्याला शब्दसुद्धा लिहावा लागणार नव्हता. मग खात्रीसाठी त्याने पाइपाला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा पेटला.

जमिनीत गाडलेल्या पाइपाला करंट होता, आणि त्यावर ही बाई रोज पाणी ओतत होती.

"काकू, इथं तुमाले झटका नाई बसत?"

"मुंग्या येतात पायाले," मथुराबाई म्हणाली. "पहिले मी बिनचपलीची टाकत होती. एकडाव तं बादली सुटली हातातून. तवापासून रोशन म्हने, चप्पल घालत जा."

तेवढ्यात मोटारसायकल आली. रोशन हसत उतरला, पस्तिशीतला, गोरागोमटा, कानात इअरफोन. "जय सेवालाल, ओमभाऊ," त्याने ओमच्या समाजाचा रामराम घातला. "कुठं गेलते? मी देवळापाशी पाहून राह्यलो तुमाले."

"न्यूट्रल कोठी आहे?" ओम म्हणाला.

रोशनचं हसू जागच्या जागी राहिलं. त्याने आईकडे पाहिलं आणि तिला म्हणाला, माय, चहा टाक ना अजून. ती आत गेल्यावर तो ओमला भिंतीच्या आडोशाला घेऊन गेला. "हळू बोला, भाऊ. शेजारी आयकतीन."

"मी इचारलं काय?"

"न्यूट्रल मीच काढून ठेवला. जुनं मीटर आहे ना. परतीची लाइन जमिनीत सोडली तं ते फिरतच नाई जसं पाह्यजे तसं. खरं बिल भरलं तं मशीन पुरते का, तुमीच सांगा."

"मंग माह्या बोर्डाच्या नावानं काहून बोंबलत होता?" फोनवर नेहमी भाऊ म्हणणारा ओम आता सरळ अरे-तुरेवर आला होता. "तुले माहीत होतं पानी टाकलं का चालते. तीन बोर्ड बनवून घेतले माह्याकडून. रात रात झोपलो नाई मी."

"मले वाटलं," रोशन अगदी सरळपणे म्हणाला, "तुमी चांगला दमदार बोर्ड बनवान तं अर्थिंगवर बी चालन. घरातला पंखा चालते, टीव्ही चालते. मशीनच काहून नाई?"

ओमने हात टेकले. या माणसाला खरंच तसं वाटलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्यामुळे राग दुप्पट झाला. लबाड माणसाशी भांडता तरी येतं.

"ग्रुपवर सांग खरं काय ते. आत्ता, माह्यासमोर."

"मेलोच मी, भाऊ. ग्रुपमदी लाइनमनचा साळा आहे. केस होईन."

"नाई तं मी फोटो टाकतो."

त्याने फोन काढलाच. फोटो निवडला, ग्रुप उघडला. अंगठा वर होता. आणि तेवढ्यात मागच्या दारातून मथुराबाई बाहेर आली, हातात दुसरी बादली. पाहुणा दिग्रसहून आलेला, त्याच्यासमोर मशीन बंद पडायला नको म्हणून आज तिने आधीच भरून आणली होती. स्वयंपाकघरातून निघालेली बाई, पायात चप्पल नव्हती.

"काकू, थांबा," ओम इतक्या जोरात ओरडला की तिच्या हातातून पाणी सांडलं. त्याने जाऊन बादली घेतली आणि दूर नेऊन ठेवली. त्याच्या डोळ्यांसमोर याडी आली, घरी, बादलीतल्या गरम पाण्यात हात घालून त्याला दुवा देणारी. फोटो टाकला तर ग्रुपवर आपलं नाव साफ होईल. पण त्या लाइनमनपर्यंत गोष्ट जाईपर्यंत हा घाबरट माणूस काय करील? वायर कुठेतरी आणखी लपवील, घाईघाईत, रात्री, आणि म्हातारीला सांगील, माय, इथं नको, तिथं पाणी टाकत जा.

तो रोशनकडे परत आला. "न्यूट्रल जोड. आत्ता. ती पाइपाची वायर माह्या हातानं काढून नेतो मी. मंग कोनाले काही सांगत नाई."

"लाइनमनले?"

"कोनालेच नाई. शब्द देतो. पन परत इथं कधी पानी पडलं तं शब्द गेला."

"आन ग्रुपवर?"

"ग्रुपवर तू इतकंच सांग, का राठोडचा बोर्ड चांगला आहे. बस."

रोशनने मान डोलावली. मेन बंद करून ओमने स्वतः न्यूट्रल मीटरला जोडला, पाइपाची वायर उपटली आणि गुंडाळून पिशवीत टाकली. मशीन चालू केली. मीटरने दोनशे पंचवीस दाखवलं आणि ऐन उन्हात, तिसऱ्याच बोर्डावर, मशीन न थांबता चालली. चौथा बोर्ड पिशवीतून निघालाच नाही. मथुराबाईने निघताना त्याला मूठभर मिरच्या कागदात बांधून दिल्या आणि विचारलं, आता पाणी कधी टाकायचं? कधीच नाही, असं त्याने सांगितलं, तर तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही.

यवतमाळहून दिग्रसच्या गाडीत बसला तेव्हा खूप दिवसांनी त्याला भूक लागल्यासारखं वाटलं. फोन वाजला. ग्रुपवर रोशनचा निरोप होता, नेहमीच्या खणखणीत आवाजात. "मित्रांनो, ओमभाऊ स्वतः माह्या घरी येऊन गेले. नवीन बोर्ड बसवून देला. आता मशीन दिवसभर बंद नाई. पहिल्या मालात फॉल्ट होता, पन आताचा माल एक नंबर आहे. राठोडचा बोर्ड चांगला आहे. बिनधास्त घ्या."

ओमने तो दोनदा ऐकला. मग फोन लावला.

"हे काय बोलला तू? नवीन बोर्ड कोठी बसवला मी?"

"मंग काय सांगू, भाऊ?" रोशन म्हणाला. "इतके दिवस बंद पडत होती, आता चालते. काहीतरी कारण तं सांगा लागन लोकाइले. तुमी म्हनले तेच बोललो ना, राठोडचा बोर्ड चांगला आहे." आणि खरोखरच तो शब्दशः तेच बोलला होता. ओमने फोन बंद केला. दारव्ह्यापर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राहिला आणि बाहेर काय होतं ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पुढच्याच आठवड्यात पार्सलं यायला लागली. पुसदहून, वणीहून, हिंगोलीहून. सगळी जुनी गिऱ्हाइकं, ज्यांची मशीन एक दिवससुद्धा बंद पडली नव्हती. सगळ्यांना नवीन माल हवा होता. रंजिता एकेक खोकं उघडायची आणि ओम एकेक बोर्ड बादलीत लावायचा. पाणी कढायचं, पट्टी कोमट. एप्रिलच्या उन्हात इतकं गरम पाणी कुणाला हवं? याडीने पहिल्याच दिवशी हात जोडले. पाणी अंगणात ओतलं जाऊ लागलं.

उमरखेडचे नागोराव सगळ्यांत चिकाटीचे. वयाने मोठे, बोलायला मऊ, पण हटत नव्हते.

"नवा पाठवा राठोडभाऊ, मी वाट पाहून राह्यलो."

"नवा असा काही नाही, काका. तुमचा आहे तोच चांगला आहे. मी तपासला."

"रोशनले कसा देला मंग?"

यावर ओमकडे उत्तर होतं. तोंडाशी आलेलं, तीन वाक्यांचं, फोटोसकट. पण शब्द दिला होता.

"नसन द्याचा तं राहू द्या," नागोराव जराही न रागावता म्हणाले. "मी ग्रुपवर इचारतो, का राठोड नवा माल फक्त ओळखीच्यालेच देऊन राह्यला का काय."

त्या दुपारी दोघं जेवायला बसली तेव्हा ओमने पहिल्यांदा रंजिताला सगळं सांगितलं, खड्डा, टेस्टर, अनवाणी पाय, शब्द. बायकोला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. रंजिताने शांतपणे ऐकलं. कळंबच्या मिरच्यांचा ठेचा तिने त्याच्या ताटात वाढला.

"लाल वायर लावून पाठवा," ती म्हणाली. "वरून नवीन म्हणून स्टिकर मारा. कोनाले समजते?"

"खोटं लिहिनार नाई मी बोर्डावर."

"मंग खरं सांगून टाका."

"शब्द देला ना."

"त्या बाईसाठी देला, चांगलं केलं. पाळा." तिने पोळी मोडली. "पन शब्द बी पाळाचा, खोटं बी नाई बोलाचं आन नाव बी ठेवाचं, हे तिन्ही तं आता होत नाई. त्यातलं एक सोडा लागन तुमाले."

ओमने हातातला घास ताटात परत ठेवला. तिच्यावर चिडावं असं त्याला फार वाटलं, पण चिडायला काही सापडेना. हात धुऊन तो टेबलाशी गेला आणि नागोरावांचा बोर्ड समोर घेतला. खोटं लिहायचं नव्हतं. खरं लिहायची सोय नव्हती. वायर सोलायच्या चाकूने त्याने कोपऱ्यातली अक्षरं खरवडायला सुरुवात केली. तांबं चिवट असतं, एका दमात निघत नाही. लहान लहान चकाकत्या शेंड्या निघून टेबलावर पडत होत्या. त्याला रडू येत होतं आणि ते रंजिताने पाहू नये असं वाटत होतं; तिने ते ओळखलं आणि ती अंगणात गेली. जागा मोकळी झाल्यावर त्याने बोर्ड पुसला, त्याच खोक्यात घातला आणि परत पाठवून दिला.

चौथ्या दिवशी नागोरावांचा फोन आला. मागे मशीनची घरघर ऐकू येत होती.

"हा बोर्ड लई बेस आहे, राठोडभाऊ. पहिल्यापासून हाच द्याचा ना. मशीन कशी शांत चालून राह्यली."

"चालते ना? बस मग."

"पन एक इचारू का? पहिल्यावर तुमचं नाव होतं. याच्यावर कोनाचंच नाई. हा कोन बनवला?"

ओमने दाराकडे पाहिलं. रंजिता परत आलेल्या पार्सलांची दोरी सोडत होती.

"आहे दिग्रसलाच एक जण," तो म्हणाला.

"त्याचा नंबर द्या ना मले," नागोराव म्हणाले. "पुढच्या टायमाले त्याच्यापासूनच घेतो."

ओमने देतो म्हटलं आणि फोन ठेवला. रंजिताने पुसदचा बोर्ड काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने चाकू घेतला. राठोडमधला रा नेहमी जास्त वेळ घ्यायचा, कारण बोर्ड बनवताना तिथे तो तांबं जरा जाडच ठेवत आला होता.